पहिल्या पाण्याचा तांब्या

भवानी पेठ, सोलापूर
९ फेब्रुवारी १९७६

चि. शिवशरण भावजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

पत्रास कारण तुमचा पाईप.

खुशाली मागून लिहिते, आधी हे वाचा. दसऱ्याला तुम्ही ठाण्याहून ट्रान्सपोर्टनं काळ्या प्लास्टिकच्या पाईपाचं जे भेंडोळं पाठवलंत, ते ह्यांनी गल्लीच्या कोपऱ्यापासून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत जमिनीतून आणलं. वाटेत तिप्पण्णाचा रॉकेल डेपो लागतो, त्याच्या भिंतीला लागूनच चर खणला. नळ सुरू झाला त्या दिवशी तुमच्या अण्णांचं अख्ख्या पेठेला सांगून झालं, की माझ्या भावाच्या कारखान्यातला माल हाय, गंजत न्हाई, सडत न्हाई. मीही नारळ फोडला. घरात नळ आला, मला काय कमी आनंद झाला?

आणि आता संक्रांत झाल्यापासून अव्वा म्हणायल्यात, तांब्यातल्या पाण्याला रॉकेलचा वास येतो.

आपल्या घरातली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आंघोळी आदल्या दिवशीच्या साठवणीच्या पाण्यानं. सकाळी नळाची तोटी सोडली की पहिलं पाणी अव्वाच्या तांब्यात. त्याच पाण्यानं त्यांची लिंगपूजा, आणि उरलेलं त्या पितात. त्या तांब्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, आणि अव्वाही कुणाचं उष्टं पीत नाहीत. मामंजी होते तेव्हा त्यांचंही प्यायल्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून हा तांब्या मी भरते. आधी विहिरीवरून भरायची, मग सार्वजनिक नळावरून, आता तुमच्या पाईपातून.

त्यांचा तांब्या झाला, की मग आम्हा सगळ्यांचा हंडा भरायचा. हंड्याला कसलाही वास नाही. मी पिते, हे पितात, पोरं पितात. वास फक्त अव्वाच्या तांब्याला! आता सांगा, एकाच तोटीचं पाणी, सासूला रॉकेल आणि सुनेला गंगा, असं कसं होईल?

पण परवा अव्वा दारात बसून शेजारणींना काय म्हणाल्या, ऐका. "सून श्टो पेटवती आन् त्याच हातानं माजा तांब्या भरती. मुद्दाम करती का काय, शिव जाणे."

मुद्दाम! भावजी, रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. गल्लीत असा शब्द एकदा सुटला की तो परत घरात येत नाही. तुम्ही पाईपाच्या कारखान्यात आहात. पाईपाला भोक असेल का, तेवढं ताबडतोब कळवा. भोक असेल तर बुजवता येईल. नसेल तर मी कुठं जाऊ?

तुमची वहिनी,
जगदेवी

---

ठाणे
१७ फेब्रुवारी १९७६

ती. सौ. वहिनीस शिवशरणचा सा. नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू? भोक असणं शक्य नाही. ते भेंडोळं मी स्वतः निवडून काढलं होतं. आमच्याकडं प्रत्येक पाईप पाण्याच्या जोरावर तपासतात. त्यावर आयएसआयचा शिक्का आहे, अण्णांना दाखवायला सांगा. लोखंडाच्या पाईपाला जोड फार, म्हणून गळती फार. आपला पाईप कोपऱ्यापासून घरापर्यंत एकसंध आहे. आत पाणी असताना बाहेरचं रॉकेल आत शिरणार कुठून? पाणी बाहेर आलं तर गळती, आणि गळती असेल तर जमीन ओली होईल. जमीन ओली आहे का? नसेल तर विषय संपला.

तरी समाधानासाठी दोन गोष्टी करा. तिप्पण्णाच्या भिंतीपाशी खणून पाईप बघा. आणि पाण्याची एक बाटली कुणाबरोबर तरी माझ्याकडं पाठवा. इथं लॅबमध्ये पाटणकर म्हणून केमिस्ट आहेत, त्यांचं नाक म्हणजे कुत्र्याचं. ते तपासून देतील.

आणि वहिनी, राग मानू नका, पण स्टोव्हमध्ये रॉकेल ओतल्यावर हात साबणानं धूत जा. कदाचित तेवढंच असेल.

आपला,
शिवशरण

---

भवानी पेठ
८ मार्च १९७६

चि. शिवशरण भावजी यांस आशीर्वाद.

हात धूत जा, म्हणे! तुमचं पत्र आल्यापासून कोपरापर्यंत हात घासतेय. कातडी निघायची वेळ आली. चिंच लावून झाली, राख लावून झाली, शिकेकाई लावून झाली. अव्वा तांब्या नाकाशी नेतात, माझ्याकडं बघतात आणि खाली ठेवतात.

आता तुमच्या खणण्याचं ऐका. ह्यांनी रविवारी दोन गडी लावून तिप्पण्णाच्या भिंतीपाशी खणलं. माती रॉकेलनं थबथबलेली. तिथं येणारच की वास, वर्षानुवर्षं पिंपातून डबे भरतात, सांडतंच. पण तिप्पण्णाला वाटलं आम्ही त्याच्यावर आळ घ्यायला आलोय. तो बाहेर येऊन कंबरेवर हात देऊन उभा राहिला. "माजी पिंपं गळत न्हाईत. तुमाला पिंप दिसतंय, तुमच्या श्टोचं टाकं दिसंना व्हय?" ह्यांचं डोकं सटकलं. शेजारधर्म गेला खड्ड्यात, आणि खड्डा आम्हीच खणलेला.

प्लंबरनं पाईप पुसून कोरडा केला, तोटी बंद करून पाण्याचा जोर दिला. अर्धा दिवस बघत बसले. थेंब आला नाही. टाचणीएवढं भोक नाही. म्हणजे तुम्ही जिंकलात, घ्या.

मग ह्यांनी काय करावं? संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर नळ सोडला, पेला भरला आणि गल्लीतल्या चार माणसांना हुंगायला दिला. तिप्पण्णालासुद्धा. सगळे म्हणाले, छे, स्वच्छ पाणी. अव्वा उंबऱ्यावर बसून बघत होत्या. एवढं लोकांपुढं झाल्यावर त्यांचं तोंड केवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. असं दोन्ही एकदम वाटतं हो, तुम्हा पुरुषांना नाही कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या हुंगून अव्वा म्हणाल्या, "वास हायच. तुमी सगळे मिळून मला खोटी पाडायलाव."

गल्लीतला शरणप्पा ठाण्याला परत चाललाय, त्याच्याबरोबर बाटली पाठवलीय. धुऊन, उन्हात वाळवून, दुपारी हंड्यातलं पाणी भरलंय. हे म्हणाले सकाळचं भर, पण सकाळचं पहिलं पाणी अव्वाचं, देवाचं. ते मी बाटलीत कसं भरू आणि कारखान्यात हुंगायला कसं पाठवू? तोटी एकच, पाणी एकच. तपासा.

जगदेवी

---

ठाणे
२२ मार्च १९७६

ती. सौ. वहिनीस सा. नमस्कार.

बाटली मिळाली. पाटणकरांनी हुंगलं, गरम करून हुंगलं, मग चक्क पिऊन बघितलं. म्हणाले, आमच्या ठाण्याच्या पाण्याहून चांगलं आहे. रॉकेलचा मागमूस नाही.

तेव्हा आता पाईपाचा विषय पुरे करू. वहिनी, तुमचा काही दोष नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण पाईपाचाही नाही. मग उरलं काय, ते तुम्हाला आणि अण्णांना दिसत असेल, बोलवत नसेल. अव्वाचं वय झालं. म्हातारपणी कानाला नसलेले आवाज येतात, तसे नाकाला नसलेले वास येतात, असं पाटणकर म्हणाले. त्यांच्या सासूचं तसंच झालं होतं. पुढं ती माणसंही ओळखेना. अण्णांनी अव्वाला एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवावं. आत्ताच दाखवलेलं बरं.

मी इथं आमच्या साहेबांना सांगून बसलोय, की सोलापुरात माझ्या घरी हा पाईप बसवलाय, एक तक्रार नाही. ते म्हणाले, पुढं तिकडं एजन्सी काढायची झाली तर तुझ्या अण्णांचा विचार करू. तेव्हा गल्लीत पाईपाबद्दल भलतंसलतं पसरू देऊ नका, एवढी विनंती.

शिवशरण

---

भवानी पेठ
४ एप्रिल १९७६

भावजी,

तुमच्या हातून पत्र लिहिलं गेलं, की घर जाळायचा काकडा?

ठाण्याचं पत्र आलं की ते अव्वासमोर बसून मोठ्यानं वाचायचं, ही पद्धत तुम्हाला माहीत नाही का? तुम्ही गेलात तेव्हापासूनची आहे. अव्वाला अक्षर येत नाही, पण तुमचं पत्र आलं की त्या डोक्यावरून पदर घेऊन, विभूती लावून, देवाचं काही वाचणार असल्यासारख्या समोर बसतात. हे वाचत गेले. पाटणकरांनी पाणी प्यायलं, इथपर्यंत ठीक. पुढं डोळा जायच्या आधी तोंड गेलं. तुमच्या अण्णांना थांबता येत नाही, आणि तुम्हाला वेगळा कागद घालता येत नाही. डोक्याचा डॉक्टर, माणसं ओळखेना, सगळं वाचून झालं!

अव्वांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "परत वाच." ह्यांनी वाचलं नाही. तेव्हा अव्वा म्हणाल्या, "पोटच्या पोराला त्याचा पाईप खरा आन् आई खुळी. असू दे." आणि उठून लुगडी बांधायला लागल्या.

मी पाया पडले. हे आडवे आले. ऐकतात थोड्याच! "इल्ला म्हंजे इल्ला, न्हाई ऱ्हायची. ज्या घरात मला पेवायला पानी न्हाई, त्या घरात मी मरायची बी न्हाई." भर दुपारी गल्लीतून चालत एसटी स्टँडवर. मागनं हे पिशवी घेऊन. मंगळवेढ्याला लेकीकडं, नीलावन्संकडं पोचल्या, असं कंडक्टरकरवी कळलं.

आणि गल्ली काय बोलायलीय, ऐकायचंय? पाईप खोटा असं कुणी म्हणत नाही. तुमची एजन्सी शाबूत आहे, पेढे वाटा! गल्ली म्हणायलीय, सुनेनं सासूच्या पाण्यात रॉकेल घातलं आणि म्हातारीला घराबाहेर काढलं. काल पिठाच्या गिरणीत मी गेले तर दोघीजणी बोलायच्या थांबल्या.

ह्यांनी तोंडानं काही म्हटलेलं नाही. पण परवा जेवताना पाण्याचा पेला उचलला, आणि प्यायच्या आधी हळूच नाकाशी नेला. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं. भावजी, गल्ली गेली उडत, पण हे मी कसं सोसू? असंच चाललं तर मी पोरांना घेऊन अक्कलकोटला माहेरी जाणार. मग तुमचे अण्णा आणि तुमचा पाईप, दोघं सुखानं नांदा.

जगदेवी

---

भवानी पेठ
७ एप्रिल १९७६

भावजी,

उत्तराची वाट बघत नाही. वाट बघण्यासारखं राहिलं नाही.

अव्वा गेल्यावर तांब्याला मालक उरला नाही. चार-पाच दिवस मी तो भरून देवापुढं ठेवला आणि संध्याकाळी तुळशीला घातला. काल वाटलं, घरात आता वडीलधारे हेच. पहिलं पाणी त्यांचं. तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, आणि तो सगळा भिंतीवर!

"अगं रॉकेल हाय की ह्यात!"

आणि बघितलं कुणाकडं? माझ्याकडं. स्टोव्ह पेटलेला, माझ्या हातात काकडा. त्या बघण्यात काय होतं, ते लिहीत नाही.

आज पहाटे उठले. स्टोव्हला हात लावला नाही, रॉकेलचा डबा मागच्या परसात नेऊन ठेवला. राखेनं हात धुतले. ह्यांना उठवून तोटीपाशी उभं केलं आणि म्हटलं, "आता तुमच्या हातानं सोडा. मी इकडं दारात उभी राहते." त्यांनी पितळी वाटी धरली, तोटी सोडली. पहिली वाटी, रॉकेल. घागरभर पाणी जाऊ दिलं. मग दुसरी वाटी, काही नाही. स्वच्छ.

कळलं का भावजी? रात्रभर जे पाणी पाईपात उभं असतं, त्यालाच वास. वाहतं झालं की वास गेला. आणि ते रात्रभर उभं राहिलेलं पाणी आम्ही रोज कुणाला देत होतो? मान म्हणून, पहिलं म्हणून, देवाचं म्हणून? अव्वाला! बाकी सगळ्या घराला चांगलं पाणी, आणि ज्यांचा मान मोठा त्यांच्या वाट्याला रॉकेल. गल्लीला पेला दिला तो संध्याकाळचा, भरून झाल्यावरचा. तुम्हाला बाटली पाठवली ती हंड्यातली. खरं पाणी फक्त अव्वा प्यायल्या, आणि त्यांनाच आपण सगळ्यांनी खुळी ठरवलं.

ह्यांनी वाटी खाली ठेवली आणि तिथंच पायरीवर बसले. आज जेवताना त्यांनी पेला हुंगला नाही.

सोबत बाटली आहे, ह्या वेळी पहिल्या पाण्याची. पाटणकरांना म्हणावं, प्या.

जगदेवी

---

ठाणे
२८ एप्रिल १९७६

ती. सौ. वहिनीस सा. नमस्कार.

बाटलीचं बूच काढलं आणि पाटणकर तीन हात मागं सरकले. वास खरा आहे.

मला तरी पटेना. भोक नाही, जोड नाही, मग आलं कुठून? म्हणून मी आपल्याच मालाचा हातभर तुकडा घेतला, पाण्यानं भरला, दोन्ही तोंडं बुचं मारून गच्च बांधली, आणि मधला भाग रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. तोंडं वर, हवेत. दोन आठवडे रोज जाऊन बघायचो. शेवटी पाणी काढलं, तर रॉकेल. पुन्हा पाईप तपासला, भोक नाही.

पाटणकर म्हणाले, भोक लागतच नाही. पाण्याला हा पाईप भिंत आहे, रॉकेलला नाही. रॉकेल प्लास्टिकमध्ये मुरतं आणि हळूहळू पलीकडं निघतं. वहिनी, तुम्ही दरवर्षी मला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हिंग देता की नाही? पिशवीला भोक नसतं, तरी ट्रंकेतल्या सगळ्या कपड्यांना वास येतो. तसंच हे. मुरायला महिने लागतात, म्हणून दसऱ्याला बसवलेला पाईप संक्रांतीला बोलायला लागला. आता ऊन वाढलंय, तर आणखी येईल. मी म्हटलं, मग हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, पाईप रॉकेलच्या डेपोलगत नेलाय, हे तू मला कुठं सांगितलंस? मी नुसतं म्हटलं होतं, पाणी हुंगा.

तेव्हा वहिनी, तसं बघितलं तर पाईप वाईट नाही. जागा चुकली.

साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, कुठं लिहून ठेवू नकोस. मी ठेवलंय. दुसऱ्या कुणाच्या आईवर ही पाळी नको.

तो पाईप उपटून टाका आणि लोखंडाचा घाला. सुट्टी मिळाली की मी मंगळवेढ्याला जाऊन अव्वाला घेऊन येतो.

शिवशरण

---

भवानी पेठ
९ मे १९७६

चि. शिवशरण भावजी यांस आशीर्वाद.

वा रे वा! पाईप वाईट नाही, जागा चुकली! जागा काय ठाण्याहून आली होती? भवानी पेठेत जन्मलात, तिप्पण्णाच्या डेपोपुढं गोट्या खेळलात, त्या मातीत पाय काळे करून घरी यायचात आणि अव्वा तुम्हाला घासायच्या. जागा ठाऊक नव्हती म्हणे. आणि तुमचे ते कुत्र्याच्या नाकाचे केमिस्ट! हिंगाच्या पिशवीचं आधी आठवलं असतं, तर एक घर फुटायचं वाचलं असतं.

जाऊ दे. लोखंडी पाईप घातला. तिप्पण्णाच्या बाजूनं नाही, पलीकडच्या अंगानं, लांबून. तिप्पण्णा स्वतः येऊन उभा राहिला. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मंजे पिंपं गळत न्हवती, पर सांडत हुती, हे मी मानतो." पिंपांखाली फरशी घालून घेतो म्हणाला. त्याच्यापेक्षा तुमचंच पत्र जास्त ताठ होतं, हे सांगायला हवं.

आता अव्वांचं. तुम्ही आणा. मी जाणार नाही. हे म्हणतात, सुनेनं जाऊन पाया पडावं. का म्हणून? गल्लीत विषारी म्हणवून घेतलं मी, गिरणीत माना फिरवलेल्या बघितल्या मी, नवऱ्यानं पेला हुंगलेला बघितला मी. आणि पाया पण मीच पडू? मी रोज पहाटे उठून त्यांचा तांब्या भरला, आजारी असताना भरला, बाळंतपणाचे दिवस सोडले तर एकदाही चुकवला नाही. त्याचं फळ हे.

त्यांनी माझ्यावर आळ घेतला, तो त्यांनी उचलावा. नाही उचलला तरी या म्हणावं. घर त्यांचं आहे, मी कोण अडवणार? पण मी न्यायला येणार नाही, हे पक्कं.

जगदेवी

---

मंगळवेढा
२३ मे १९७६

ती. सौ. वहिनीस सा. नमस्कार.

इथं येऊन चार दिवस झाले. अव्वाची समजूत घालण्यापेक्षा कारखान्यातलं मशीन उघडून बसवणं सोपं. पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. नीलाक्काकरवी बोलायची, मी समोर बसलेला असताना. "त्याला इचार, भाकर वाढू का. का डागदराला इचारून जेवनार?"

तिसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. हिंगाची पिशवी आणून दाखवली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मंजे माजं नाक खरं हुतं."

म्हटलं, "खरं होतं."

"आन् तू मला खुळी केलंस."

म्हटलं, "केलं." दुसरं काय म्हणणार? पाया पडलो. तिनं पाय मागं घेतले नाहीत, तेवढ्यावर समाधान मानलं.

मग तिनं एक विचारलं, ते तुम्हाला सांगायला हवं. म्हणाली, "ते वासाचं पानी दुसऱ्या कुनाला का न्हाई आलं?" मी सांगितलं, की वहिनी रोज पहिलं पाणी तुलाच द्यायच्या, म्हणून. "रोज?" रोज. "मी तिला तसं बोलल्यावर बी?" त्यानंतरही, म्हटलं. तू निघालीस त्या दिवशी सकाळीसुद्धा.

त्यावर ती उठून ज्वारी निवडायला बसली.

आज म्हटलं चल, तर म्हणते, "तू जा ठान्याला. मला कुनी न्यायला नको, मला वाट दिसती." इथल्या आडाच्या पाण्याला शेवाळाचा वास येतो म्हणून नीलाक्काशी रोज भांडण. नीलाक्का मला हात जोडून म्हणाली, घेऊन जा रे बाबा. मी उद्याच्या गाडीनं परत चाललोय. हरलो.

शिवशरण

---

भवानी पेठ
६ जून १९७६

चि. शिवशरण भावजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

अव्वा आल्या.

परवा संध्याकाळी, कुणाला न कळवता. डोक्यावर ज्वारीचं गठुडं, काखेत लुगड्यांची पिशवी. गल्लीच्या तोंडापासून चालत आल्या, आणि मुद्दाम प्रत्येक दारात थांबत आल्या. "कसं हाय, बरं हाय का? माज्या सुनेकडं चालले." हे मला नंतर कळलं, तिप्पण्णाच्या बायकोनं सांगितलं. घरात आल्यावर माझ्याशी मात्र एवढंच, "कंदील पुसला न्हाईस व्हय? काच काळी झालीय." मी गठुडं उतरवून घेतलं. माफी नाही, आळ उचलणं नाही, काही नाही. मी पण भाकरी थापत बसले. दोन दगड एका घरात.

काल पहाटे नेहमीसारखी उठले. नवी तोटी सोडली, पहिलं पाणी तांब्यात भरलं. स्टोव्ह पेटवलेला नव्हता, मुद्दामच. तांब्या अव्वापुढं नेऊन ठेवला. पूजा झाली. उरलेलं पाणी प्यायच्या वेळी त्यांनी तांब्या उचलला, आणि माझ्यापुढं सरकवला.

"आदी तू पी."

भावजी, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं झालं, पाईप उपटला, गल्लीला कळलं, तुम्ही चार दिवस घसा फोडला, आणि अजून संशय? अजून सुनेनं आधी पिऊन दाखवायचं? तांब्या उचलला, उभ्यानंच तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा प्याले. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही. रिकामा तांब्या त्यांच्यापुढं असा आपटला, की हे आतून धावत आले.

अव्वा तांब्यात वाकून बघायला लागल्या. मग माझ्याकडं बघितलं. तोंड असं झालेलं, जसा पोराच्या हातातला खाऊ कुणी काढून घ्यावा.

म्हणाल्या, "समदं पिलीस? अगं, घोटभर ठेवायचं की मला. तुजं उष्टं प्यायचं ठरवून आले हुते मी मंगळवेड्यास्नं."

काय करावं हो ह्या बाईला? आधी सांगायला काय झालं होतं? मी तिथंच भुईवर बसले आणि तोंडाला पदर लावून रडले. अव्वा म्हणायल्या, "रडतीस काय, जा, दुसरं आन." गेले. दुसरा तांब्या भरला, त्यांच्यासमोर एक घोट घेतला आणि दिला. ज्या बाईनं मामंजींचं उष्टं घेतलं नाही, त्या बाईनं तो माझ्या हातातून घेऊन, डोळे मिटून, शेवटपर्यंत प्यायला. हे दारात उभे होते, त्यांनी बघितलं.

तांब्या खाली ठेवून अव्वांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "ह्याला लोखंडाचा वास यायलाय."

यायलाय, खरंच यायलाय. मलाही आला. ह्या वेळी तुम्हाला विचारत नाही. तुम्ही फक्त दिवाळीला या, आणि येताना पाईप आणू नका.

तुमची वहिनी,
जगदेवी